भोपळ्याची शेपटी

भोपळ्या तिसऱ्यांदा त्या फटीपाशी गेला आणि तिसऱ्यांदाही भुंकला नाही. त्याने नाक खाली घातलं, वास घेतला आणि शेपटी हलवत हँडलरकडे पाहत राहिला.

"हा शोधायला आलाय की पाहुणचाराला?" बचाव पथकाचे साहेब मागून म्हणाले. "तरी मी सांगत होतो, अल्सेशियन आणा."

"अल्सेशियन चोर धरायला, साहेब," हँडलर म्हणाली. "सामानातलं काही हुडकायचं तर बीगल. ढिगाऱ्याखालचं माणूस शोधायला माणसांचा लोभ असलेला कुत्रा लागतो. तो लॅब्रॅडॉरला असतो."

"लोभ दिसतोय. पोटावरून."

गोदामाचे तीन मजले साडेअकराला एकावर एक बसले होते. आता दोन वाजत होते. उरलेली एकच भिंत ढिगाऱ्यावर झुकली होती, आणि तिच्यातली चीर इंजिनिअर दर पाच मिनिटांनी मोजत होता. "फार तर अर्धा तास," तो आत्ताच म्हणाला होता. ती आपणहून पडण्याआधी पोकलेनने पाडायची, असं ठरलं होतं. पाडली तरी ती ढिगाऱ्यावरच पडणार होती. खाली कुणी जिवंत असेल, तर त्यानंतर नसणार.

वॉचमनच्या वहीप्रमाणे आत एकच माणूस राहिलं होतं. एक बाई. नाव, आडनाव, वय बावन्न. हँडलरने ते नाव दहा वेळा वाचलं होतं, फटीला तोंड लावून त्या नावाने हाकाही मारल्या होत्या. खालून हूं की चूं नव्हतं.

"कुत्रा भुंकला नाही म्हणजे खाली जिवंत कुणी नाही. नियम तुमचाच," साहेब म्हणाले. आता आवाजात चेष्टा नव्हती. "मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसं त्या भिंतीखाली उभी करणार नाही मी. उतरा, ताई."

तिने पट्टा ओढला. भोपळ्या नाइलाजाने निघाला. उतरताना वाटेत स्ट्रेचरवाला स्लॅबच्या तुकड्यावर पाणी पीत बसला होता. भोपळ्याने त्याचा गुडघा हुंगला, शेपटी हलवली आणि पुढे झाला.

हँडलर जागीच थांबली.

स्ट्रेचरवाला जिवंत होता. तरी भोपळ्या भुंकला नव्हता. भुंकणारच नव्हता, दोन वर्षं तिने त्याला तेच शिकवलं होतं. ढिगाऱ्यावर पथकाची माणसं सतत वावरत असतात. त्या प्रत्येकावर कुत्रा भुंकायला लागला तर शोध कसला घेणार? म्हणून परक्यावर भुंकलं की चेंडू, आपल्या माणसावर भुंकलं की काही नाही. आणि मेलेल्याचा वास तर त्याला शिकवलाच नव्हता. तिथे तो शेपटी हलवत नसे, थांबतही नसे.

"साहेब, खाली जिवंत माणूस आहे. आपल्यातलं."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग शिट्टी वाजवून सगळ्यांना समोर उभं केलं आणि बोट दाखवत मोजलं. अकरा. ड्युटीच्या तक्त्यावरही अकराच.

"सगळे आहेत. झालं समाधान?"

मोजणी चुकली नव्हती. पण कुत्रा खोटं बोलत नाही. दोन्हींपैकी एकात काहीतरी राहून गेलं होतं, आणि ते शोधत बसायला वेळ नव्हता. ती पुन्हा वर चढली, फटीपाशी गुडघ्यांवर बसली आणि हाताने विटा काढू लागली.

"पोकलेनवाल्याला सांगा," ती न वळता म्हणाली, "आम्ही दोघं इथेच आहोत."

"डोकं फिरलंय बाईचं!" साहेब ओरडले. मग हेल्मेटचा पट्टा आवळून वर आले. "चार जण या. बाकीचे मागे. आणि माझ्या बायकोला यातलं एक अक्षर कळता कामा नये."

विटा हातोहात मागे गेल्या. इंजिनिअर खालून चिरेचे आकडे ओरडत होता. आधी मिलिमीटरमध्ये, मग सेंटीमीटरमध्ये. बाराव्या मिनिटाला लोखंडी रॅकची कड लागली. रॅक तिरपं पडलं होतं आणि त्याच्याखाली हातभर पोकळी राहिली होती. सतराव्या मिनिटाला त्या पोकळीत एक मनगट सापडलं. हँडलरने दोन बोटं ठेवली. ठोके मोजले.

"आहे," ती म्हणाली.

स्ट्रेचर रस्त्यापर्यंत पोचलं, आणि मागे भिंत कुणी हात न लावताच बसली.

डॉक्टरांनी त्या बाईच्या नाकाला ऑक्सिजन लावला आणि ओल्या कापसाने तोंड पुसायला घेतलं. सिमेंटखालून कपाळ निघालं, मग गाल, मग हनुवटीवरचा तीळ. साहेबांनी हेल्मेट काढलं. स्ट्रेचरवाला जवळ येऊन वाकला. रोज सकाळी सहाला पथकाचं आवार झाडून कुत्र्यांच्या खोल्या धुणारी बाई होती ती. त्यानंतर आणखी कुठे कामाला जाते, हे गेल्या चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आज सकाळीही ती हँडलरला म्हणाली होती, "याला जरा कमी घाला हो ताई, दारात मावेनासा झालाय."

भोपळ्या तिचा कान चाटत होता. तिच्या पापण्या थरथरल्या.

"शुद्धीवर येतायत," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या ओळखीच्या दिसतात. झोपू देऊ नका, नावाने हाका मारत राहा. काय नाव यांचं?"

"मावशी," तिघंही एकदम म्हणाले.