विहिणीची बाटली

दिवाळीला लेक मोनिका लासूर स्टेशनहून माहेरी आली, ती सासूच्या हातच्या पेरूच्या सॉसच्या दोन बाटल्या घेऊन. "आई, असा सॉस कुणालाच जमत नाय," म्हणाली. मी म्हणलं, "बघू की! सासूची बाटली माझा सॉस भरूनच परत जाईल." तसा विहिणीला फोनबी करून टाकला.

करमाडहून पेरू आणवले, शिजवले, बिया गाळल्या. साखर घालून पातेलं गॅसवर ठेवलं अन् दारात भाजीवाल्याशी भांडत बसले. तेवढ्यात सगळा सॉस करपला. मोनिका तर निघायच्या तयारीत. रिकामी बाटली परत धाडायची आमच्यात रीत नाय, अन् मी शब्द देऊन बसलेली. विहिणीची एक बाटली आम्ही संपवली होती. ती धुतली, दुसरीतला सॉस तिच्यात जसाच्या तसा ओतला अन् दिली मोनिकाच्या पिशवीत. तिला काय पत्ता लागू दिला नाय.

दोन दिवसांनी विहिणीचा, आवडाबाईंचा फोन आला. "विहीणबाई, सॉस खाल्ला बरं का. राग नका मानू, पण लई गोड झालाय, अन् पेरूचा वासच नाय. पुढच्या साली इकडं या, मी शिकवते."

"व्हय, येते की," मी म्हणलं.

पोरीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत विहिणीच्या सॉसला नावं ठेवणारं पहिलंच माणूस भेटलं, अन् ते मला कुणापाशी बोलताबी येईना.