जास्तीचा जोर

विजेच्या मोटारीच्या चाकाभोवती पट्टा आवळला, तशी पट्ट्याला जोडलेल्या स्प्रिंगकाट्याची सुई सरसर वर गेली. कामगारांनी टाळ्या पिटल्या. कारखान्याचे मालक हंबीरराव खूश होऊन ओरडले, "आरं, पेढं आणा जावा कुणीतरी!"

चेहरा पडला तो एकट्या कालिंदीचा. नवी मोटार तिनंच आखली होती. तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आधीच काढता यावा म्हणून ती एस.टी.नं पुण्याला जाऊन संगणकावर बसली होती. मोटारीच्या आडव्या छेदाचे हजारो बारीक त्रिकोण पाडायचे, प्रत्येकातलं चुंबकक्षेत्र काढायचं आणि त्यावरून जोर मोजायचा. चौऱ्याऐंशी सालच्या उद्यमनगरात हे कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. कारखान्याचे भागीदार हसले होते. हंबीररावांनी तरीही तिला पाठवलं होतं. आणि आता काटा तिच्या आकड्यापेक्षा दहावा हिस्सा जास्त दाखवत होता.

"माझं गणित जुळत नाही," ती म्हणाली.

"अवो बाई, मार्क जास्त पडले म्हणून कोण रडतंय व्हय?" हंबीरराव हसले.

"जास्त पडले, तर एक तर मी चुकले, नाहीतर तपासणारा. कोण ते बघू या."

हंबीररावांच्या कपाळाला आठी पडली. चूक तिची निघाली, तर पुन्हा पुण्याचं नाव काढायची सोय नव्हती. गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण आता तोंडातून गेलं होतं.

तिनं पुन्हा आकडेमोड तपासली. चूक सापडेना. मग शेजारच्या धान्याच्या दुकानातून वीस किलोची वजनं मागवली आणि काट्याला टांगली. सुई बाविसावर जाऊन थांबली.

स्प्रिंग सैल झाली होती. गणित बरोबर होतं.

"जिंकलासा की!" कुणीतरी ओरडलं. कालिंदीला हसू आवरेना. हंबीरराव मात्र काट्याकडं बघतच राहिले. आजवर कारखान्यातली प्रत्येक मोटार याच काट्यावर पास झाली होती.

पेढे आले. त्यांनी अख्खा पुडा उचलला आणि तडक फाटक गाठलं. बाहेर बाकावर गडहिंग्लजचा आकाराम बसला होता. गुऱ्हाळाच्या चरकात ऊस घातला की इथून नेलेली मोटार नुसती घुमते आणि थांबते, हे सांगायला तो तिसऱ्यांदा आला होता. सकाळीच हंबीररावांनी त्याला खोटारडा म्हणून हाकललं होतं. त्यांना येताना बघून तो घाबरून उठला.

हंबीररावांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"खावा, पावणं. नवी मोटार घेऊनच गावाकडं जावा. खोट आमच्या काट्यात हुती, तुमच्या बोलण्यात न्हाय."