इंजिनियरसाहेबांचा खोकला

"वरच्या मजल्यावर एकटेच राहतात ना ते?" चहाचं पाकीट हातात उलटंसुलटं करत त्या माणसाने विचारलं.

"कोण ते?" यदुल्ला म्हणाला.

"इंजिनियर पार्साई."

यदुल्लाने मसूर तोलायचं थांबवलं आणि गिऱ्हाइकाकडे नव्याने पाहिलं. करडा कोट, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, दाढी वाढवलेलीही नाही आणि केलेलीही नाही. असा माणूस नार्मक मोहल्ल्याच्या गल्लीत किराणा घ्यायला येत नाही. विजारीवर गुडघ्याखाली पांढरे केस चिकटले होते, तेवढंच त्या अवतारात बसत नव्हतं. पण सरकारी माणसालाही घरी म्हातारी आई असू शकते.

खरं तर यदुल्ला आठवडाभर वेगळ्याच चौकशीची वाट पाहत होता. त्याच्या मीसमसाठी साबरींच्या नेगीनला मागणी घातली होती. अशा वेळी मुलीकडचं कोणीतरी गल्लीत येतं आणि मुलाच्या बापाला सोडून सगळ्यांना विचारतं. म्हणून यदुल्लाने न्हावी, नानवाला आणि मशिदीचा झाडूवाला, तिघांकडे पिस्त्याची एकेक पिशवी पोचवली होती. मीसमच्या चारित्र्याबद्दल तिघांचं एकदम एकमत झालं होतं.

पण हा माणूस मीसमचं नावसुद्धा काढत नव्हता.

"इंजिनियर पितात वगैरे?"

"डाळिंबाचा रस. तोही बिनसाखरेचा."

"गच्चीवर तबकडी आहे? परदेशी वाहिन्यांची?"

"गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि कबुतरं आहेत. कबुतरं कुठली ते विचारलं नाही कधी."

"कुत्रा?"

"कुत्रा? आमच्या गल्लीत मांजरसुद्धा विचारून येतं."

नेमका त्याच वेळी वरून आवाज आला. दोनदा, बारीक आणि स्पष्ट. पार्साईंचा पश्मक रोज या वेळेला खिडकीत बसून गल्लीची हजेरी घ्यायचा.

दोघांनी वर पाहिलं.

"खोकला आहे त्यांना," यदुल्ला म्हणाला. "जुना आहे."

"आवाज फार बारीक आहे."

"माणूसच बारीक आहे."

त्या माणसाने खिशातून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि पैशांचं पाकीट चाचपलं. "चहाचे किती?"

"राहू द्या हो. तुमच्याकडून काय घ्यायचं."

हे दुकानदाराने तीनदा म्हणायचं आणि गिऱ्हाइकाने चौथ्यांदा पैसे ठेवून जायचं, एवढं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तो माणूस "मेहरबानी" म्हणाला, चहा कोटाच्या खिशात टाकला आणि चालता झाला.

आता शंकेला जागाच उरली नाही. राहू द्या म्हटल्यावर खरोखर राहू देणारा माणूस सरकारीच असतो.

यदुल्लाची बायको ताहिरे जिना धूत होती. पश्मक पहाटे पार्साईंच्या खेळाच्या पिशवीत लपून खाली जायचा. कुत्रा नापाक, म्हणून पिशवी जिथे टेकायची ती पायरी ताहिरे सात पाण्यांनी धुवायची, आणि पार्साईंना ऐकू जाईल अशा बेताने.

"सांगून टाकायचं खरं," सगळं ऐकल्यावर ती म्हणाली. "तो कुत्रा काय तुमचा भाचा लागतो?"

"असल्या माणसाला मी खरं सांगू?"

"मग खोटं बोललात ते साबरींच्या कानावर गेलं तर? माणूस कचेरीत नमाजाला पहिल्या रांगेत असतो. त्यांच्या घरातल्या बायका आरशासमोरसुद्धा डोक्यावरची चादर सोडत नसतील. कुत्रेवाल्याला पाठीशी घालणाऱ्यांच्या घरी मुलगी देतील ते? दोन नकार आलेत, अहो. मीसम म्हणालाय, ही नाही तर कोणीच नाही."

कुत्रा यदुल्लालाही आवडत नव्हता. पश्मक एकदा त्याच्या बुटाला नाक लावून गेला, तेव्हा त्याने ते बूट मेव्हण्याला देऊन टाकले होते. पण वहीवाल्याला शेजाऱ्याचं काही सांगायचं, ही गोष्ट त्याच्या जिभेलाच जमत नव्हती.

तीन दिवस दुकानापुढे गाडी थांबली की यदुल्ला धसक्याने मीठ जास्त तोलायचा. चौथ्या दिवशी साबरींचा फोन आला. शुक्रवारी दुपारी चहाला या.

साबरींच्या बैठकीत ताहिरेने सांगितलेलं सगळं होतं. भिंतीवर कुराणातली आयत, बायका चादरीत, आवाज हळू. पाहुणे बसण्याआधी साबरींनी लगबगीने कोचावर धुतलेलं कापड अंथरलं. आतल्या बंद दाराकडून खरवडल्यासारखा आवाज येत होता.

"शेजारी सुतारकाम चाललंय," साबरी म्हणाले.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी? ताहिरेच्या मनात आलं.

नेगीन चहा घेऊन आली. तिच्यामागून एक माणूस साखरेचं भांडं घेऊन आला. तोच करडा कोट. तेच बटण.

"हे नेगीनचे मामा," साबरींनी ओळख करून दिली.

"चहा घ्या ना," मामा समोर बसत म्हणाले. "तुमच्याच दुकानातला आहे."

यदुल्लाने घोट घेतला. चव लागली नाही.

"बाकी, वरच्या इंजिनियरसाहेबांचा खोकला कसा आहे आता?"

साबरी, त्यांची बायको, नेगीन, सगळे यदुल्लाकडे पाहत होते. मीसम कपाळावरचा घाम पुसत होता. ताहिरेचं कोपर यदुल्लाच्या बरगडीत रुतलं. त्याचा अर्थ सरळ होता. आता तरी खरं बोला, माफी मागा, पोराचं लग्न वाचवा.

यदुल्लाने पेला खाली ठेवला.

"तसाच आहे," तो म्हणाला. "थंडीत जरा वाढतो."

मामांनी वही काढली, काहीतरी खोडलं आणि वही मिटली.

"मेहेरच्या रकमेचं नंतर बोलू," ते म्हणाले. "लग्नाच्या करारात मुलीची एकच अट आहे. ती सासरी एकटी येणार नाही." मग ते साबरींकडे वळले. "दाजी, उघडा ते दार. यांना खोकल्याची सवय आहे."