सव्वीस नंबरचं चित्र

अकरा नंबरच्या चित्राला तिने दहापैकी दोन दिले आणि लिहितालिहिता पेन्सिलचं टोक मोडलं.

"चित्र बघून गुण देतेस की रागाने?" दादा दारात उभा होता.

"तुला खाली थांब म्हटलं होतं."

"परीक्षानळी, बाबांची चित्रं आहेत ती. विहिरीचं पाणी नाही."

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती, म्हणून दादाने तिला ठेवलेलं हे नाव. तिथे बाटल्यांवर फक्त आकडे असत. पाणी कुठल्या विहिरीचं, हे तपासणाऱ्याला सांगत नसत. सांगितलं की नजर त्या बाजूला कलतेच.

बाबांची वरची खोली आठवडाअखेर रिकामी करायची होती. भिंतींना टेकून एकतीस चित्रं उभी होती. दोन सोडून सगळी संग्रहालयात जाणार होती. दोघा भावंडांना आठवण म्हणून एकेक मिळणार होतं. "तुझं मी निवडून ठेवतो," दादाने परस्पर जाहीर केलं होतं, तेही बाबांच्या शोकसभेत, हातात माईक घेऊन. बारा वर्षांची असताना तिने कॅनव्हासच्या मागच्या बाजूलाच चित्र समजून छान म्हटलं होतं, तो किस्साही त्याने तिथेच सांगितला. माणसं हसली. तीही हसली. घरी येऊन तिने भांडी इतक्या जोरात घासली की एका कपाचा कान हातात आला.

राग दादावर होता, पण पुढे तो स्वतःवरही आला. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आपल्याला आपल्याच वडिलांचं कुठलं चित्र आवडतं, हे तिला सांगता येईना. चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीखाली साल दिसलं की दादाच्या पुस्तकातली वाक्यं ओठांवर यायची. हा बहराचा काळ. हा उतरता काळ. दादा बाबांवर लिहायचा, बाबांवर बोलायचा, लोक त्याला बाबांबद्दलच विचारायचे. बाबांच्या चित्रांबद्दल घरात दुसऱ्या कुणाचं मत असायची सोयच नव्हती.

म्हणून तिने फ्रेमवाल्याला सांगून प्रत्येक चित्राचा खालचा कोपरा कागदी पट्टीने झाकून घेतला होता. वर नुसता आकडा. तीन दिवस, रोज वेगळ्या क्रमाने, पहिल्या दिवसाचे गुण दुसऱ्या दिवशी न बघता.

"आज तिसरा दिवस ना?" दादा आत आला. "लागला निकाल?"

"लागला. हे शेवटचंच राहिलं होतं. सव्वीस."

फ्रेमवाला खोलीच्या टोकाला माप घेत बसला होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

सव्वीस नंबरचं चित्र लहान होतं. बंद दार, दाराखालच्या फटीतून आत आलेला उजेड, आणि त्या उजेडात दोन पावलांची सावली. पलीकडे कुणीतरी उभं होतं आणि दार वाजवत नव्हतं. एवढंच. तिन्ही दिवस तिने त्याला नऊ दिले होते. तिसऱ्या दिवशी तिला त्याच्यासमोरून हलवेना.

दादा चित्राजवळ जाऊन वाकला. मग हसला. "हे कुठून आलं इथे?"

"माळ्यावर होतं. इतर चित्रांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून."

"तिथेच असायला हवं होतं. रंग बघ, मळलेत. दाराची कड तीनदा खरवडलीय, तरी जमलेली नाही. कच्चा हात आहे. बाबांनी स्वतः म्हटलं होतं."

"म्हणू देत. मला आवडलं."

"का आवडलं ते सांग."

"सांगणार नाही. तू लगेच दुरुस्त करशील."

"ताई, मग याची फ्रेम करायची ना?" फ्रेमवाल्याने विचारलं. विचारताना तो बघत मात्र दादाकडे होता.

"नाही करायची," दादा म्हणाला. "तू ते मोठं लाल घे. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं. मी सोडतो ते तुझ्यासाठी."

लाल चित्रावर दादाचा पहिल्यापासून डोळा होता. ते तो असं सहज सोडतोय म्हटल्यावर तिला आतून एकदम गरम झालं. म्हणजे सव्वीसमध्ये काहीतरी होतं, आणि ते त्याला कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिची नजर बरोबर निघाली होती, आणि तेवढंही हा तिच्याकडे राहू देणार नव्हता.

"तुला हे हवंय," ती म्हणाली.

"मला नको. ते जाळून टाक. पण भिंतीवर लावू नकोस."

"माझ्या घरात, माझ्या भिंतीवर लावणार."

"हे बघ, मी हात जोडतो. दुसरं कुठलंही घे."

"नाही." तिने चित्र उचलून छातीशी धरलं. आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "लहानपणापासून ऐकतेय. हे चांगलं, हे टाकाऊ, हे तुला कळणार नाही. तू कोण रे ठरवणारा? बाबांनी आयुष्यभर चित्रं काढली आणि तू आयुष्यभर त्यांवर बोट ठेवत फिरलास. लोकांच्या कच्च्या हाताला हसतोस. स्वतः कधी एक रेघ तरी ओढली आहेस?"

फ्रेमवाल्याने टेप गुंडाळली आणि तो खोलीबाहेर गेला.

दादा खिडकीच्या कट्ट्यावर बसला. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"ओढली होती," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा असताना. तू धरलीयस ती."