प्रत्येक ओळीच्या आरंभी

"माह्या पोराचं नाव काटून टाका."

मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरणारी ती शाळा एकाएकी स्तब्ध झाली. वेचणीच्या सुट्टीनंतरचा तो पहिलाच दिवस होता. बापूसाहेब पंतोजींनी बोरू खाली ठेवला आणि आपल्या शेजारचे आसन पुढे सरकवले. खुशालराव बसले नाहीत. त्यांच्या मुठीत चुरगळलेला एक कागद होता. मागे खांबाआड त्यांचा एकुलता एक मुलगा, दहा वर्षांचा चंद्रभान, डोळे पुशीत उभा होता.

अकोटाच्या वाटेवरील त्या गावात सरकारी शाळा येऊन दोन वर्षे झाली होती. ओवरीवरच्या छपराचे सागवानी वासे खुशालरावांनीच हौसेने दिले होते. त्या छपराखाली आपला मुलगा दुसऱ्याचा होऊन जाईल, हे तेव्हा त्यांच्या मनातही आले नव्हते.

आरंभ जेवणाच्या पाटावरून झाला; चंद्रभानचे घासागणिक एकच पालुपद. पंतोजी म्हन्तेत, पृथ्वी गोल हाये. पंतोजी म्हन्तेत, पाणी गाळून प्यावं. त्या वर्षी वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढी मागणी आली. आपल्या काळ्या मातीचा आणि आपल्या मनगटाचा हा प्रताप, असे खुशालराव चारचौघांत सांगत. एके दिवशी चंद्रभान भाकरी मोडता मोडता सहज म्हणाला, "पंतोजी म्हन्तेत, समुद्रापल्याड लढाई जुंपली हाये. तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून आपल्याले गिऱ्हाईक आलं." खुशालरावांनी हातातला घास ताटात ठेवला. या मनुष्याने पोर तर नेलेच होते, आता पीकही नेले.

त्यांची बायको मैनाबाई हसून म्हणाली, "सवत बायकाईच्या नशिबी येते असं आयकलं होतं. तुमाले कशी आली बाई!"

त्यांना हसू आले नाही. कपाशी फुटली आणि शाळेला सुट्टी लागली, तेव्हा त्यांना मनातून बरे वाटले. पंतोजी अमरावतीला आपल्या घरी गेले. आता महिनाभर मुलगा आपला, असे खुशालरावांनी मनाशी योजले आणि त्याला रोज बरोबर शेतात नेले.

मुलगा आला, वेचूही लागला. पण त्याचे प्रश्न सरत नव्हते. सकाळच्या दमटातच काहून वेचाचं? सरकी शेणामातीत काहून घोळाची? पहिल्या वेचणीचा कापूस येगळा काहून ठिवता? खुशालराव कातावून उत्तरे देत. कपाशीविषयी विचारले असता गप्प राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मात्र दुपारची भाकरी झाली की चंद्रभान निंबाखाली पाठमोरा बसे आणि कागदावर काहीबाही लिही. कोणी जवळ गेले की कागद मांडीखाली सारी.

शाळा उघडली त्या सकाळी खुशालरावांनी तो कागद त्याच्या दप्तरातून ओढून काढला. मुलगा कळवळून ओरडला, "बाबा, फाडू नका! तो पंतोजीले द्याचा हाये!"

खुशालरावांना अक्षर येत नव्हते. परंतु नजर शाबूत होती. भाविकाने रामनाम लिहावे तशी एकच आकृती प्रत्येक ओळीच्या आरंभी लिहिलेली त्यांनी पाहिली. ते नाव कोणाचे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. कागद मुठीत धरून ते तडक देवळाकडे निघाले.

"आपण हा वाचलात?" पंतोजींनी विचारले.

"वाचता येत असतं तं तुमच्या दारी पोरगं काहून धाडलं असतं?" खुशालराव कडाडले. "पन येवढं दिसते मले. मी याले माहा महिना देला, अन् यानं ओळीओळीत तुमचं नाव घोटलं!"

पंतोजींनी कागद हातात घेतला. सुरकुत्या तळव्याने सारख्या केल्या. शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि मान वर न करता विचारले, "खुशालराव, सरकी शेणामातीत घोळतात ती कशासाठी?"

"दाना दान्याले चिकटू नये म्हणून. त्याचं आता काय?"

"आणि सकाळच्या दमटातच वेचायचे, ते का?"

"उनात पाला वाळते. मंग त्याचा भुगा कापसात येते." खुशालराव आणखी चिडले. "मी का परीक्षेले आलो?"

"नाही, परीक्षा याची होती." पंतोजींनी चंद्रभानकडे पाहिले. "बरोबर लिहिले आहेस. माझा जन्म भिक्षुकाच्या घरचा, खुशालराव. कपाशीतले मला काही कळत नाही. सुट्टीला निघताना मी मुलांना एवढेच सांगितले, की मला जे येत नाही ते घरून शिकून या आणि मला शिकवा."

खुशालरावांचा आवाज उतरला. त्यांनी कागदावर बोट टेकवले. "मंग हे? दर ओळीच्या आंधी हे कोनाचं नाव हाये?"

पंतोजींनी मुलाला जवळ बोलावले. चंद्रभानने नाक ओढले, वडिलांच्या बोटाशेजारी आपले बोट ठेवले आणि वाचले, "बाबा म्हणतात."

"आन् याच्या खाली?"

"बाबा म्हणतात."

खुशालराव हळूच त्या पुढे सरकवलेल्या आसनावर बसले. तिसऱ्या ओळीवर त्यांनी आपणच बोट ठेवले. मग कोणालाही न विचारता, एकेक अक्षर सावकाश उच्चारीत, त्यांनी जन्मात प्रथमच काही वाचले, "बाबा... म्हन्तेत."