उलटं चालताना
बाबा जुन्या वस्तीचे गाईड. पर्यटकांकडे तोंड करून ते उलटं चालत बोलायचे आणि मी घोळक्यातून बघत वाट शिकले. आज माझी परीक्षा होती. जमलं, तर काम माझं. बाबा पर्यटक बनून घोळक्यात होते. मी उलटं चालत, पाठ केल्याप्रमाणे डावीकडे वळले आणि सगळ्यांना एका अनोळखी अंगणात घेऊन गेले. घोळक्यातलं डावं गाईडचं उजवं असतं, हे विसरलेच होते. तेवढ्यात कपडे वाळत घालणाऱ्या आजींनी चादर सरकवली. मागच्या भिंतीवर सूर्यघड्याळ कोरलेलं होतं. सळईची सावली तास कसा दाखवते, हे मी रंगून सांगितलं. बाबांनीही ते कधी पाहिलं नव्हतं. "ताई, पावसात हे काय करतं?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. "भिजतं, काका." बाबांनी हसत शेजारच्याला ढोसलं, "माझी लेक. उद्यापासून गाईड हीच."