दिगंबररावांची पावलं

दिगंबरराव झोपेतच गेले. त्यानंतर इंदुताईंनी घराबाहेर पडणंच सोडलं, तेव्हा सून केतकीनं सासऱ्यांची चालण्याची सवय सासूबाईंच्या मेंदूत भरून घेतली. माणसांच्या सवयी उतरवून घेणाऱ्या एका क्लिनिकनं ती त्यांच्या हयातीतच जपून ठेवली होती. अकरा वर्षांची सवय, एकाही दिवसाचा खाडा नसलेली.

सकाळी सहाला इंदुताईंचे पाय आपोआप चपलांत शिरले. "तळ्याला फेरी मारून येतो," असं दिगंबरराव रोज सांगायचे. पण पाय तळ्याकडे वळलेच नाहीत. ते गावाबाहेरच्या बंद खाणीच्या अगदी कडेला जाऊन थांबले. खाली हिरवं, खोल पाणी होतं. इंदुताईंनी मागे सरायचा प्रयत्न केला, पण पाय हलेनात. छाती मात्र शांतपणे श्वास घेत होती. त्यांनी दहा श्वास मोजले.

मग पाय माघारी फिरले आणि त्यांना घरी घेऊन आले. हातानं बेल दोनदा वाजवली, अगदी दिगंबररावांसारखी. याच बेलवर इंदुताई रोज आतून करवादायच्या, "आले, जरा दम धरा."

केतकीनं दार उघडलं. "जमलं का, आई? नको वाटत असेल तर काढून टाकू."

"राहू दे," इंदुताई म्हणाल्या. "रोज कशासाठी परत यायचे, तेवढं कळू दे."